वायबीसीओची पेलेट तरंगत नाही, किंवा फेब्रुवारीत तरंगते आणि श्रावणात बसते: काय तपासायचं

नाशिकच्या कॉलेजांमध्ये दर वर्षी कुठे ना कुठे वायबीसीओची पेलेट, म्हणजे भुकटी दाबून भाजलेली वडी, केली जाते. कधी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी, कधी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी. इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं हे काळं संयुग द्रव नायट्रोजनमध्ये गार केलं की अतिवाहक होतं, म्हणजे त्यातून वीज बिनरोध वाहते, आणि छोटंसं चुंबक त्याच्यावर हवेत तरंगतं. हे दृश्य ज्या मुलाने समोर उभं राहून पाहिलं त्याला भौतिकशास्त्र पुन्हा परकं वाटत नाही. म्हणून हा प्रयोग फसला की मनापासून वाईट वाटतं. आणि फसतो तो दर वर्षी, ठरलेल्या दोनच तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा: सगळं कृतीप्रमाणे केलं, पेलेट काळी कुळकुळीत आली, तरी चुंबक ढिम्म हलत नाही. दुसरी तऱ्हा: २८ फेब्रुवारीला चुंबक छान तरंगलं, पेलेट डबीत घालून कपाटात ठेवली, आणि श्रावणात शाळेची मुलं पाहायला आली तेव्हा तीच पेलेट साधी वीट होऊन बसली होती.

दोन्ही वेळा लोक एकच करतात. कच्चा माल पुन्हा मोजतात, तापमान वीस-तीस अंशांनी वाढवतात आणि नवी बॅच लावतात. त्यात आठवडा जातो, महागाचं इट्रियम ऑक्साइड जातं, आणि कारण जिथल्या तिथे राहतं. माझा आग्रह असा आहे की पेलेट नुसती पाहू नका, तोला. प्रत्येक टप्प्याला वजन लिहून ठेवा. पहिल्या तऱ्हेत ऑक्सिजन कमी असतो, दुसऱ्या तऱ्हेत ओल शिरलेली असते, आणि या दोन्ही गोष्टी चुंबकाच्या आधी काट्यावर दिसतात. कॉलेजचा काटा बिघडलेला असेल तर सराफ बाजारात ओळख काढा. एक मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा सोनाराकडे असतो आणि या कामाला तो पुरतो.

आधी चाचणीच बरोबर आहे का ते बघा

पेलेटला दोष देण्यापूर्वी पाच मिनिटं इथे द्या. चुंबक निओडिमियमचं हवं, आणि लहान: पाच-सहा मिलिमीटर व्यासाचं, पातळ. स्पीकरमधून काढलेलं जाड काळं फेराइट चुंबक घरी केलेल्या पेलेटला उचलवत नाही. पेलेट थर्माकोलच्या कपात ठेवा आणि ती पूर्ण बुडेल इतका नायट्रोजन ओता. सुरुवातीला खळखळून उकळी येते, मग एका क्षणी ती एकदम शांत होते. त्या शांततेनंतर पेलेट ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला आली असं समजायचं. मग प्लॅस्टिकच्या चिमट्याने चुंबक वरून खाली आणायचं. चुंबक आधीच पेलेटवर ठेवून दोन्ही एकदम गार केली तर चुंबकाची बलरेषा पेलेटमध्ये अडकून बसते, आणि कमजोर पेलेट असेल तर चुंबक आहे तिथेच राहतं. ते पाहून पेलेट वाया गेली असं ठरवू नका.

नायट्रोजन किती जुना आहे हेही विचारा. उघड्या फ्लास्कमध्ये फार वेळ राहिलेला नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन आपल्यात ओढून घेतो. ऑक्सिजन ९० केल्विनला उकळतो, त्यामुळे त्या मिश्रणाचं तापमान ७७ च्या वर सरकतं. पीटी-१०० हा तापमान मोजायचा सेन्सर असेल तर बुडवून बघा: ताज्या नायट्रोजनमध्ये त्याचा रोध २० ओमच्या किंचित वर दिसायला हवा. हे मिश्रण ज्वलनाच्या दृष्टीनेही धोक्याचं असतं, तेव्हा तळाशी उरलेला नायट्रोजन नव्यात मिसळू नका.

नायट्रोजन सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागातल्या गॅस विक्रेत्यांकडे चौकशी करून आणावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचा कॅन असतो आणि मुलांना तोच आधी आठवतो, पण त्यातला मागू नये. त्या कॅनमध्ये रेतमात्रा साठवलेल्या असतात, पातळी खाली गेली की त्या नासतात, आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.

काळी आहे, पण तरंगत नाही

बहुतेक फोन याच दुखण्याचे येतात. एका विद्यार्थिनीशी झालेलं बोलणं देतो, कारण त्यात सगळं आहे.

"सर, पेलेट एकदम काळी आलीये, पण मॅग्नेट हलतच नाहीये."

"थंड कशी केलीस?"

"रात्री फर्नेस बंद केली, सकाळी आठला बाहेर काढली."

"आणि ऑक्सिजन?"

"सोडला होता ना सर, ९५० ला असताना. फर्नेस बंद केल्यावर सिलिंडर पण बंद केला."

इथेच सगळं उलटं झालं. ऑक्सिजनची खरी गरज ९५० अंशांना नसते. ती फर्नेस उतरत असताना असते.

आपण सूत्र लिहितो तेव्हा इट्रियम एक, बेरियम दोन, तांबं तीन असं मोजून घेतो आणि ऑक्सिजन सात असं लिहून मोकळे होतो. तो सात आपण मोजलेला नसतो. तो ठरतो तापमानावर आणि भोवतीच्या हवेवर. ९५० अंशांना हे संयुग ऑक्सिजन धरून ठेवत नाही, सोडून देतं. त्या तापमानावरून पेलेट झटकन गार केली तर आकडा सहाच्या थोडा वर अडकतो. सावकाश उतरवली तर साधारण ७०० अंशांच्या खाली ती ऑक्सिजन परत घ्यायला लागते, स्फटिकाची चौकोनी बैठक किंचित लांबट होते, आणि ५०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात आकडा सातच्या जवळ पोहोचू शकतो. त्याच्याही खाली, ३०० च्या आसपास, ऑक्सिजनच्या हालचाली इतक्या मंदावतात की पेलेटमध्ये शिरायला त्याला वेळच पुरत नाही. म्हणजे वर गेलं तर टिकत नाही आणि खाली गेलं तर शिरत नाही. मधला पट्टा अरुंद आहे. लहान मफल फर्नेस बंद केल्यावर तो पट्टा ती लगबगीने ओलांडून जाते.

या ऑक्सिजनवर एवढं का अडतं? या स्फटिकात तांबं आणि ऑक्सिजन दोन ठिकाणी असतात. एक, सपाट थरांमध्ये. वीज बिनरोध वाहते ती या थरांतून. दोन, थरांच्या बाजूला असलेल्या साखळ्यांमध्ये. येणारा-जाणारा ऑक्सिजन या साखळ्यांतला असतो. तो भरलेला असला की थरांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि थरांत धन प्रभाराचे वाहक, ज्यांना आपण होल म्हणतो, ते तयार होतात. साखळ्या रिकाम्या असल्या तर थरांत वाहकच नाहीत, आणि तोच पदार्थ विद्युतरोधक होऊन बसतो. ऑक्सिजनचा आकडा ६.९ च्या आसपास असेल तर अतिवाहकता ९० केल्विनच्या थोडी वर सुरू होते. ६.६ च्या जवळ असेल तर ६० केल्विनला. ६.४ च्या खाली गेला की जवळपास संपलंच.

मधला आकडा नीट बघा. ६.६ वाली पेलेट अतिवाहक आहे, पण ६० केल्विनला. आपला नायट्रोजन ७७ ला थांबतो. अशी पेलेट मेलेली नसते, फक्त आपल्या पोहोचेच्या खाली असते, आणि ऑक्सिजन देऊन ती वर आणता येते. म्हणून 'बिघडली' म्हणून पेलेट फेकणाऱ्यांना मी कळकळीने थांबवतो.

उपाय सोपा आहे. तीच पेलेट घ्या, काट्यावर मोजा, वजन लिहा. फर्नेसमध्ये ठेवून ऑक्सिजनच्या मंद प्रवाहात ५०० अंशांवर न्या. बाहेर जाणारी नळी पाण्याच्या बाटलीत सोडा, सेकंदाला एखाद-दुसरा बुडबुडा पुरे. ५०० ते ४५० च्या दरम्यान दहा-बारा तास ठेवा, मग तासाला तीस-चाळीस अंश या गतीने २०० पर्यंत उतरवा, आणि तोवर ऑक्सिजन चालू ठेवा. बाहेर काढून पुन्हा मोजा. आकडा ६.३ वरून ६.९ वर गेला असेल तर २ ग्रॅमच्या पेलेटचं वजन सुमारे ३० मिलिग्रॅमने वाढलेलं दिसतं. एवढं वाढलं असेल तर नायट्रोजन ओतायच्या आधीच खात्री बाळगा. काहीच वाढलं नसेल तर दोनच शक्यता उरतात: ऑक्सिजन आधीपासून पुरेसा होता आणि दोष दुसरीकडे आहे, किंवा तो आत पोहोचलाच नाही.

आत न पोहोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फार घट्ट पेलेट. हायड्रॉलिक प्रेसवर जास्तीत जास्त टन लावायची हौस असते, वर सिंटरिंग, म्हणजे दाबलेली पेलेट भाजून कण जोडणं, तेही ९७०-९८० ला केलेलं असतं. पेलेट दगडासारखी होते, तिच्यातली छिद्रं बुजतात, आणि ऑक्सिजन फक्त सालीत शिरतो. अशी पेलेट मोडून बघा: कडेचा तुकडा चुंबकाला ढकलतो आणि मधला ढकलत नाही. घट्ट पेलेटला वेळ दुप्पट-तिप्पट द्या, नाहीतर पुढच्या वेळी दाब कमी ठेवा. तरंगवण्याच्या प्रयोगासाठी थोडी सच्छिद्र पेलेट जास्त सोयीची.

ऑक्सिजनचा सिलिंडर नसेल तर? हवेतच, पण खरोखर सावकाश उतरवलेली सच्छिद्र पेलेट तरंगवते. जोर कमी असतो, पण प्रयोग दिसतो. सिलिंडर वापरणार असाल तर रेग्युलेटरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. मे महिन्यातल्या वादळी संध्याकाळी हे हमखास होतं. ऑक्सिजन घेणं-सोडणं ही परतीची वाट असलेली प्रक्रिया आहे. लाइट आली की पुन्हा ५०० वर न्या आणि तिथून नव्याने सुरू करा. पेलेटचं काही बिघडत नाही.

रसायनशास्त्राचा विभाग मदतीला असेल तर ऑक्सिजनचा आकडा चक्क मोजता येतो, आणि तोही रोजच्या आयोडीन-थायोसल्फेट अनुमापनाने. पेलेटची थोडी भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून उकळायची. त्यात तांब्याची जास्तीची संयुजा निघून जाते आणि सगळं तांबं दोनवर येतं. मग पोटॅशियम आयोडाइड घालून थायोसल्फेटने मोजायचं. दुसऱ्या वेळी भुकटी न उकळता थेट आयोडाइड घातलेल्या आम्लात, नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली विरघळवायची आणि तसंच मोजायचं. एकाच वजनाच्या भुकटीसाठी दुसऱ्या मापनाला पहिल्याने भागा. ऑक्सिजन पूर्ण सात असेल तर भागाकार १.३३ येतो, ६.९ ला १.२७, ६.५ ला बरोबर १. सूत्र असं: भागाकारातून १ वजा करा, दीडने गुणा, ६.५ मिळवा. बीएस्सीला शिकलेलं अनुमापन इतकं कामाला येतं हे पाहून मुलांचे डोळे चमकतात. एक्स-रे विवर्तन करून घेणार असाल तर तांब्याच्या किरणांनी मिळालेल्या आलेखात ३२ ते ३३ अंश कोनांमधली रेषांची जोडी बघा: उजवीकडची रेषा उंच असेल तर ऑक्सिजन भरलेला, डावीकडची उंच असेल तर रिकामा.

पेलेट हिरवट आहे, किंवा भाजायच्या भांड्याला (बोटीला) चिकटली आहे

हा दोष वेगळा, आणि ऑक्सिजन देऊन तो जात नाही. हिरवा रंग म्हणजे इट्रियम दोन, बेरियम एक, तांबं एक असं दुसरंच संयुग तयार झालं. ते अतिवाहक नाही. ठिपके हिरवे असतील तर मिश्रण नीट घोटलं गेलं नाही किंवा पहिल्या भाजणीत बेरियम कार्बोनेट पूर्ण सुटलं नाही. इथेही काटा सांगतो. १५ ग्रॅम मिश्रणासाठी इट्रियम ऑक्साइड २.२७ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ७.९३ ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड ४.८० ग्रॅम लागतं. भाजल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून गेला तर साधारण १३.२ ते १३.४ ग्रॅम उरायला हवं. १४ ग्रॅम उरलं असेल तर कार्बोनेट अजून आत आहे. पुन्हा खलात घ्या, अर्धा तास घोटा, ९३० च्या आसपास पुन्हा रात्रभर भाजा. दोन-तीन वेळा घोटणं आणि भाजणं याला आडवाट नाही. घोटताना ओलं करायचं तर ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पाणी नको. इट्रियम ऑक्साइडची बाटली बरेच दिवस उघडी राहिली असेल तर ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन जड झालेलं असतं, म्हणून मोजण्याआधी तापवून घ्यावं, नाहीतर सुरुवातीलाच इट्रियम कमी पडतं.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे. उंदीर मारायला ते वापरलं जात असे, कारण पोटातल्या आम्लात ते विरघळतं. मास्क लावा, त्या टेबलावर चहा-वडापाव नको, आणि हात साबणाने धुऊनच डबा उघडा. या बाबतीत मी मुलांना जरासुद्धा सूट देत नाही.

पेलेट बोटीला चिकटली किंवा कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर फर्नेस दाखवते त्यापेक्षा जास्त तापते आहे. हे संयुग साधारण १०१० अंशांच्या पुढे फुटतं आणि हिरवं संयुग व द्रव असे दोन भाग होतात. फर्नेसचा आकडा खरा आहे का हे तपासायला नाशिककरांच्या हाताशी उत्तम साधन आहे: चांदी. सराफ बाजारातून शुद्ध, ९९९ टंचाची बारीक तार घ्या. दागिन्याची चांदी चालणार नाही, कारण तांबं मिसळलं की चांदी खूप आधी मऊ होते. २८ टक्के तांबं असेल तर ती ७७९ अंशांनाच वितळते. शुद्ध तारेचा तांदळाएवढा तुकडा बोटीत, पेलेट जिथे ठेवता नेमक्या त्याच जागी ठेवा आणि ९०० पासून पाच-पाच अंशांनी वर जा, प्रत्येक पायरीला पंधरा मिनिटं थांबा. पुस्तकात चांदीचा वितळणबिंदू ९६२ दिलेला असतो, पण उघड्या हवेत वितळती चांदी ऑक्सिजन विरघळवून घेते आणि तो साधारण ९५१ वर येतो. तुकड्याचा मणी झाला तेव्हा कंट्रोलर काय दाखवत होता ते लिहून ठेवा. ९२५ ला मणी झाला तर तुमची फर्नेस २५ अंश कमी दाखवते, आणि तुमचं '९९०' प्रत्यक्षात १०१५ असतं. तिथे पेलेट वितळणारच.

चालू पेलेट पावसाळ्यात का बसते

आता दुसरी तऱ्हा. इथे दोष करण्यात नसतो, ठेवण्यात आणि दाखवण्यात असतो.

वायबीसीओला पाणी सोसत नाही. ओलाव्यात त्यातलं बेरियम सुटं होऊन हायड्रॉक्साइड बनतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतं, आणि मागे कॉपर ऑक्साइड व ते हिरवं संयुग उरतं. सुरुवात कणांच्या सांध्यांतून होते. बाहेरून फक्त कडेला पांढरट भुरी दिसते, पण तोवर आतले सांधे खिळखिळे झालेले असतात. फेब्रुवारीत नाशिकची हवा कोरडी असते, तेव्हा पेलेट उघडी राहिली तरी चालून जातं. गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागतं त्या पुराच्या दिवसांत लॅबच्या कपाटातली पेलेट डब्यातल्या पापडासारखी हवा धरते.

पण कपाटातल्या ओलाव्यापेक्षा मोठं नुकसान प्रयोगाच्या वेळीच होतं, आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. प्रयोग संपतो, टाळ्या पडतात, कोणीतरी चिमट्याने पेलेट उचलून टेबलावर ठेवतं. उणे १९६ अंशांची पेलेट दमट हवेत आली की तिच्यावर क्षणात पांढरं दंव चढतं. नीट बघितलं तर आधी कडा पांढऱ्या होतात, मग वरचा भाग, आणि दोन-तीन मिनिटांत ते दंव वितळून पेलेट चक्क ओली होते, खाली पाण्याचा डाग उमटतो. तिच्या छिद्रांतून ते पाणी आत जातं. म्हणजे ज्या वस्तूला पाण्यापासून जपायचं तिलाच प्रत्येक प्रयोगानंतर आपण आंघोळ घालतो. एका दिवसात चार वर्गांना दाखवलं तर चार वेळा.

म्हणून पेलेट कपातून काढूच नका. कपावर सैल झाकण ठेवा आणि उरलेला नायट्रोजन आपोआप उडून जाऊ द्या. त्यातून निघणारा वायू पूर्ण कोरडा असतो आणि पेलेट त्यातच सावकाश वर येते. झाकण घट्ट बसवू नका: एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, बंद भांडं फुटतं. याच कारणाने वर्गाच्या खिडक्या उघड्या हव्यात. द्रव संपल्यावर कप झिपवाल्या पिशवीत ठेवून पेलेट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, मग ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, आणि गरम असतानाच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, टाका. सिलिका जेल जुलै-ऑगस्टमध्ये फार लवकर रंग बदलतं. दर आठवड्याला बघा, रंग उतरला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरा. डेसिकेटर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि तळाला सिलिका जेलची जाडसर थर, एवढंही पुरतं. पेलेटला बोट लावू नका, घामही पाणीच.

नायट्रोजनमध्ये टाकतानाही एकदम डुबकी नको. आधी मिनिटभर पृष्ठभागाच्या वर, थंड वायूत धरा, मग हळू उतरवा. अचानक गार झालेल्या पेलेटला केसाएवढ्या भेगा पडतात आणि पुढच्या वेळी ओल त्याच भेगांतून शिरते.

तरंगतंय, पण चार-प्रोबला शून्य येत नाही

प्रोजेक्टवाल्यांचा हा प्रश्न. चुंबक आणि चार-प्रोब (चार तारा टेकवून रोध मोजणं) या दोन चाचण्या पेलेटला दोन निरनिराळे प्रश्न विचारतात. चुंबक विचारतं, किती कण अतिवाहक आहेत? एकेक कण सुटा असला तरी तो चुंबकाला ढकलतो. चार-प्रोब विचारतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तरी अखंड वाट आहे का? सांधे ओलीने बिघडले की कण चांगले आणि वाट तुटलेली अशी स्थिती येते: ९० च्या आसपास रोध धाडकन उतरतो, पण शून्याच्या वरच रेंगाळतो. उलटही होतं. एखादी बारीक वाट जुळून रोध शून्य दिसतो आणि चुंबक मात्र उठत नाही, कारण बाकीची पेलेट रिकामीच असते.

खोलीच्या तापमानापासून खाली येताना रोध कमी होत नसेल, उलट वाढतच असेल, तर ऑक्सिजन कमी आहे, थेट वरच्या 'काळी आहे, पण तरंगत नाही' या भागाकडे जा. रोध सरळ रेषेत उतरतोय पण उडी ८० ला दिसतेय असं असेल तर आधी सेन्सर पेलेटला नीट टेकलाय का ते बघा. गार होताना आणि परत गरम होताना घेतलेले दोन आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर गती फार जास्त आहे. सिल्व्हर पेंटचे टाके वाळले नसतील तर आकडे नाचतात. प्रवाह कमी ठेवा: सिंटर केलेल्या पेलेटचे सांधे थोड्याच प्रवाहाने अतिवाहकता सोडतात.

९२ आणि ७७ यांच्यात जेमतेम पंधरा केल्विनचं अंतर आहे आणि आपला सगळा खेळ त्यातच चालतो. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्यूलर यांना लँथेनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या पुढची अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. तोवर १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेत वू आणि चू यांच्या गटांनी लँथेनमच्या जागी इट्रियम घालून ९३ केल्विन गाठलं होतं, आणि महागड्या द्रव हेलियमशिवाय, नायट्रोजनवर हा प्रयोग करता येऊ लागला. पुढे बिस्मथच्या संयुगात ११०, थॅलियमच्या संयुगात सुमारे १२५ आणि १९९३ मध्ये पाऱ्याच्या संयुगात १३० च्या पुढची तापमानं मिळाली. मुलं विचारतात, मग तीच का करू नये? थॅलियम आणि पारा कॉलेजच्या फर्नेसमध्ये तापवायच्या वस्तू नाहीत, त्यांच्या वाफा जिवावर बेततात. बिस्मथचं संयुग पाण्याला जास्त टिकतं, पण त्याची ११० ची जात शुद्ध मिळवायला फार चिकाटी लागते. पहिल्या खेपेला इट्रियमच बरं.

जुनी बसलेली पेलेट परत उठवता येते का

बहुतेक वेळा येते. आधी ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा आणि तोला. वजन फेब्रुवारीच्या नोंदीइतकंच असेल तर ओल वरवरची होती, नुसतं वाळवूनही ती पुन्हा तरंगवू शकते. कमी असेल तर ऑक्सिजन गेलाय, ५०० अंशांची खेप द्या. वाळवूनही वजन जास्त असेल तर बेरियमने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पक्का धरला आहे. अशा वेळी मास्क लावून, कोरड्या बारीक पॉलिश पेपरने पांढरी साल काढा आणि ऑक्सिजनची खेप देऊन बघा. पाण्याने धुऊ नका, झटकायचं तर कोरड्या ॲसिटोनने.

तरीही नाही उठली, तर ती खलात घाला. बिघडलेल्या पेलेटमध्ये इट्रियम, बेरियम आणि तांबं जवळपास १:२:३ याच प्रमाणात अजून शाबूत असतात, फक्त वेगवेगळ्या संयुगांत विखुरलेले. घोटून ९३० ला पुन्हा भाजा, नव्याने दाबा, ९५० ला सिंटर करा, आणि उतरताना ऑक्सिजन चालू ठेवा. नव्या पेलेटचं वजन मार्करने बरणीच्या झाकणावर लिहा, तारखेसह.